आजीचे गेलेले दागिने, गोंदण आणि तांब्यावरचा मिना – माझे प्रयोग, मत हवंय

भट्टीजवळची

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातली, सध्या संभाजीनगरला आर्टचं शिकतेय, शेवटचं वर्ष, विषय धातुकाम. गेले सात-आठ महिने मिन्याचे दागिने करतेय आणि आता अशा जागी अडकलेय की कॉलेजातल्या कुणाला विचारून उपयोग होत नाहीये, म्हणून इथं लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मिना म्हणजे काय ते आधी सांगते कारण घरी सगळे त्याला रंग म्हणतात. तो रंग नाही, काच आहे. काचेची बारीक पूड धातूवर पसरायची, ८०० डिग्रीच्या आसपास तापलेल्या भट्टीत दोन-तीन मिनिटं ठेवायची, पूड वितळते आणि धातूला धरून बसते. कोबाल्ट असेल तर निळा, तांबं असेल तर हिरवा-निळसर, मँगनीज असेल तर जांभळा, कथलाचा ऑक्साइड घातला की पांढरा आणि अपारदर्शक. जयपूरवाले सोन्या-चांदीवर करतात, मी तांब्यावर करते कारण चांदी परवडत नाही. आणि दुसरंही एक कारण आहे, ते पुढं येईल.

विषय माझ्या आजीचा आहे. तिला लग्नात हातात सोन्याचे गोठ, कानात बुगड्या, गळ्यात सरी आणि पायात चांदीचे तोडे घातले होते. ७२ च्या दुष्काळात गोठ सावकाराकडं गेले, तेव्हा तिच्या लग्नाला वर्षपण झालं नव्हतं, ती खडी फोडायला जायची आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खायची. गोठ परत आले नाहीत. सरी आत्याच्या लग्नात मोडली. तोडे ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटेच्या भूकंपात घरासोबत गेले, आमचं गाव किल्लारीपासून लांब नाही, माळवदाचं घर होतं, दगड-मातीचं, सगळं खाली आलं. माणसं वाचली आमची, तोडे सापडले नाहीत. बुगड्या २०१६ ला गेल्या. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, मी शाळेत होते, १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा आम्ही टीव्हीवर बघितली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. आणि आमच्या शेतात त्याच महिन्यात सहाशे फुटांवर बोअर कोरडी गेली होती, तिचे पैसे द्यायला बुगड्या विकल्या.

मी हे चारही दागिने तांब्यात करतेय, आजीनं हातानं दाखवलेल्या मापाचे. पत्र्यावर नक्षी सोडून बाकीचा भाग फेरिक क्लोराइडनं खायला लावायचा (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं ते), म्हणजे खड्डे पडतात, त्या खड्ड्यांत मिना भरतात. माझी कल्पना अशी की कडेचे खड्डे भरायचे आणि मधला मोठा खड्डा रिकामा ठेवायचा, कारण तो दागिना नाहीये ना आता.

आता अडचणी. एक, माझा मिना तडकतो. भट्टीतून काढल्यावर छान दिसतो, दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर कपच्या उडून टेबलावर पडलेल्या. दोन, रंगावर एक ढगाळ पांढरट छटा येते. तीन, आमचे एक सर म्हणतात की घरातलं दुःख दागिन्यात आणू नकोस, दागिना अंगावर घालायला असतो, रडायला नाही. तिसऱ्याचं काय करायचं ते मला खरंच कळत नाही.

जुना_सराफा

परभणीचा आहे, तीन पिढ्या सोनारकाम. पोरी तुझं काम तडकतं कारण तू मागच्या बाजूला मिना देत नसशील. तांबं आणि काच दोन्ही तापल्यावर फुगतात, थंड झाल्यावर आकसतात, पण तांबं जास्त आकसतं. एकाच बाजूला काच असली की पत्रा वाकायला बघतो आणि काच वाकत नाही, मग ती सुटते. लगेच सुटते असं नाही, रात्रभर ताण धरून ठेवते आणि सकाळी उडते. पाठीलाही तेवढाच जाड थर दे. आणि पत्रा किती गेजचा आहे ते सांग. फार पातळ घेतलास तर काहीही कर, डुगडुगणारच.

भट्टीजवळची

काका २४ गेज घेतलाय, १८ जाड असतो पण महाग पडतो म्हणून. पाठीला दिला नव्हता, कारण मला पाठीवर आजीनं सांगितलेली वर्षं कोरायची होती. आता वर्षं मिन्यातच लिहीन.

जुना_सराफा

खड्डा पाडायचा म्हणजे १८ च घे, २४ खाल्ल्यावर राहतं काय खाली. भंगारवाल्याकडं जुना तांब्याचा बंब बघ, चांगला जाड पत्रा निघतो, वजनावर मिळतो. पितळ मात्र घेऊ नको चुकून, त्यातलं जस्त भट्टीत त्रास देतं, काच नीट धरत नाही.

नांदेडचा_केमिस्ट्रीवाला

ढगाळ छटेचं उत्तर माझ्याकडं आहे बहुतेक. पूड कशानं धुतेस? खलात घोटल्यावर पूड पाण्यात धुवायची असते, दुधासारखं गढूळ पाणी ओतून द्यायचं, परत पाणी, परत ओतायचं, असं पाणी नितळ होईपर्यंत. अतिबारीक कण राहिले तर मिना गढूळ होतो. आणि शेवटचं पाणी जर बोअरचं असेल तर झालंच, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते कुठल्याही घरातल्या हिटरच्या कॉइलवर दिसतं. तेच क्षार पुडीत राहतात. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनं कर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच.

आणि पूड चाळताना मास्क लाव, काचेची धूळ फुप्फुसात गेली तर निघत नाही. जुने मिने शिशाचे असतात, डब्यावर बघून घे. तांबं साफ करायला तेजाब वापरत असशील तर सोड, कोमट पाण्यात लिंबूसत्व घाल, वेळ जास्त लागतो पण काळा थर जातो. तरी तेजाबच वापरायचं असेल तर पाण्यात तेजाब, तेजाबात पाणी कधीच नाही.

भट्टीजवळची

सर बोअरचंच पाणी होतं!! होस्टेलला तेच येतं. म्हणजे ज्या पाण्यासाठी बुगड्या गेल्या त्याच पाण्यानं बुगडीचा मिना खराब केला. हे वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून होते.

अंबाजोगाईकर

ताई मला तांत्रिक काही कळत नाही, पण तुझ्या सरांच्या बोलण्याबद्दल बोलायचंय. माझ्या आईचं डोरलं आम्ही सहा वेळा गहाण ठेवून सहा वेळा सोडवलं. त्याच्यावर एक बारीक चेप आहे, तो कशाचा आहे हे फक्त आम्हाला माहीत. दागिन्यात घरातलं काही आणू नको म्हणणाऱ्यानं आपल्याकडचा दागिना हातात घेऊन बघितला नसावा. बाईच्या अंगावरचा दागिना म्हणजे आमच्याकडं बँक, विमा आणि पोरांची फी, सगळं तेच होतं.

काळी_माती

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आजीला विचारलं का? गहाण पडलेल्या वस्तूची लाज असते जुन्या माणसांना. माझ्या वडिलांनी सावकाराचं नाव मरेपर्यंत घरात काढू दिलं नाही. तू उद्या प्रदर्शनात मांडशील, शेजारी कार्ड लावशील अमुक साली गहाण, लोक फोटो काढतील. आजीला ते चालणार आहे का? तुझी कला ठीक आहे, पण गोष्ट तिची आहे.

भट्टीजवळची

राग नाही दादा. खरं सांगते, विचारलं नव्हतं. मापं विचारली, कसे होते ते विचारलं, पण मी हे लोकांना दाखवणार आहे हे नाही सांगितलं. या शनिवारी गावाकडं जातेय, विचारते.

बिदरी_नातू

माझे आजोबा संभाजीनगरात बिदरीचं काम करायचे म्हणून या धाग्यावर आलो. मिना आणि बिदरी एकदम उलट कामं आहेत. बिदरीचा धातू म्हणजे बहुतेक सगळं जस्त, थोडं तांबं, जस्त ४२० डिग्रीलाच वितळतं त्यामुळं त्यावर मिना होणंच शक्य नाही. त्यात चांदीची तार ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात (अमोनियम क्लोराइड) कालवून लावतात, तेव्हा अंग काळं होतं आणि चांदी पांढरीच राहते. आजोबा म्हणायचे काळं नीट उतरलं तर चांदी बोलते. तू जे रिकामे खड्डे ठेवणार आहेस त्यांचा तळ कसा ठेवणार, चकचकीत की काळा? मला वाटतं तिथंच तुझं काम ठरेल. चकचकीत ठेवलास तर लोकांना वाटेल की मिना भरायचा राहिला.

भट्टीजवळची

हे फार महत्त्वाचं बोललात. तांबं भट्टीत उघडं राहिलं की आपोआप काळं पडतं, थर सुटून पापुद्रे निघतात. मी ते प्रत्येक वेळी घासून काढत होते. आता ठेवून बघते.

भट्टीजवळची

(चार दिवसांनी) गावाहून आले. खूप सांगायचंय.

शनिवारी संध्याकाळी आजीजवळ सगळं काढून ठेवलं, तांब्याचे गोठ, अर्धवट तोडे, नमुन्याच्या पट्ट्या. तिनं गोठ हातात घालून बघितला, फिरवला, म्हणाली, "माप बरोबर हाय. हलकं केलीस पण." मग म्हणाली, "हे मधी रिकामं काहून ठेवलीस?" मी सांगितलं की जे गेलं ते दाखवायला. ती काही बोलली नाही.

मग मी विचारलं लोकांना दाखवू का. तर ती म्हणाली दाखव की, त्यात काय, मी चोरी केलते का. पण सावकाराचं नाव घालू नको, त्याची नातवंडं चांगली हायत.

आणि मग जे झालं ते मी ठरवून गेले नव्हते. तिच्या हातावर गोंदण आहे, मनगटापासून कोपरापर्यंत, तुळस, विंचू, ठिपके, आणि तिच्या मेलेल्या भावाचं नाव. लहानपणापासून बघतेय मी ते पण कधी बघितलंच नव्हतं. ती म्हणाली, "सोनं गेलं, चांदी गेली. हे कोण घेतंय? हे जळताना संगं येतंय." आमच्याकडं सगळ्या बाया असंच म्हणतात, गोंदण मेल्यावर बरोबर येतं. पण ती हे माझे तांब्याचे गोठ हातात घालून म्हणत होती आणि गोठाच्या वर लगेच गोंदण सुरू होत होतं. मला एकदम कळलं की मी चार दागिने मोजत होते, पाचवा तिच्या अंगावरच आहे.

रविवारी सकाळी उन्हात बसलो आणि मी माझ्या नमुन्याच्या पट्ट्या एकेक करून तिच्या हाताला लावून बघितल्या. गोंदणाचा रंग काळा नाही. निळाही नाही. हिरवा म्हणावा तर तोही नाही, पन्नास-साठ वर्षं कातड्याखाली राहून काजळी अशी शेवाळी-निळी झालीय, आणि कडा फुटल्यात, म्हणजे रेघ जिथं संपते तिथं संपत नाही. माझ्याकडच्या सतरा पट्ट्यांपैकी एकही जुळली नाही. कोबाल्टचा निळा फार भडक, हिरवा पोपटासारखा, काळा मेलेला. आजी एवढी कंटाळली, म्हणाली साडी मॅचिंग करायलीस का काय.

नांदेडचा_केमिस्ट्रीवाला

वाचून थांबलो थोडा वेळ. आता रंगाचं. गोंदण कातडीच्या वर नाही, खाली आहे. तू वरून रंग लावायला बघतेयस म्हणून जुळत नाही. काळं खाली घाल आणि वर पारदर्शक थर दे.

भट्टीजवळची

सर मी तेच केलं!! तुमचं वाचायच्या आधीच, बसमध्ये सुचलं. थांबा, फायरिंग उद्या आहे. भट्टी मला आठवड्यातून दोनच दिवस मिळते.

जुना_सराफा

भट्टी नसेल तर गॅसच्या टॉर्चवर होतं. जाळीवर ठेव आणि ज्योत खालून दे, मिन्याला ज्योत लागता कामा नये, धूर धरतो. छोटी कामं आमच्याकडं अशीच व्हायची.

भट्टीजवळची

झालं. झालं झालं झालं.

नीट सांगते. तांब्याचा पत्रा लिंबूसत्वानं साफ केला. मग ठिपके सोडून बाकी सगळीकडं बिनरंगी पारदर्शक मिना दिला (आम्ही त्याला फ्लक्स म्हणतो) आणि भट्टीत घातला. ठिपक्यांच्या जागी तांबं उघडं होतं, ते काळं झालं. या वेळी ते घासलं नाही, सुटे पापुद्रे तेवढे ब्रशनं झाडले, आणि त्याच्यावरून परत सगळीकडं पातळ फ्लक्स देऊन थोडं जास्त तापवलं. काही रंग घातलाच नाही, एक कणसुद्धा नाही.

बाहेर काढलं तेव्हा लालभडक होतं, काही दिसत नव्हतं, थंड होताना हळूहळू उमटलं. फ्लक्सच्या खाली तांबं आजीच्या हातासारखं दिसतंय, तांबूस, सोनेरी, आतून उजेड असल्यासारखं. आणि काळे ठिपके वितळलेल्या काचेत थोडे विरघळलेत, कडेला हिरवट-निळसर पसरलेत. जुन्या गोंदणाची कड जशी फुटते ना, तशीच्या तशी. पट्टीवर सात ठिपके होते, पाच असे आले, दोन नुसते काळे राहिले कारण तिथं थर जाड पडला होता.

सुरुवातीला म्हटलं होतं ना दुसरं कारण पुढं येईल. चांदीवर बिनरंगी मिना पांढराच दिसतो. आमच्या कातडीचा रंग फक्त तांब्यावर येतो. आधी मला हे नुसतं वाटायचं, आता हातात आहे.

नांदेडचा_केमिस्ट्रीवाला

तांब्याचा ऑक्साइड काचेत विरघळला की हिरवा-निळा रंग देतो, तेच झालंय. भट्टीत ऑक्सिजन कमी पडला तर हेच तांबं काचेला लाल करतं, तेव्हा दार किती वेळ उघडलंस, किती मिनिटं ठेवलंस, सगळं वहीत लिहून ठेव. पुढच्या वेळी असंच यायला हवं असेल तर वहीच कामाला येईल. शाब्बास.

अंबाजोगाईकर

माझ्या आईच्या कपाळावर आणि हनुवटीवर आहे गोंदण. आज तिच्या हनुवटीवर बोट ठेवून बघितलं मी, ती म्हणाली काय झालं गं. काही नाही म्हटलं.

एक_वाचक

सहज सुचवतो, वेळ काढून तेरला जाऊन या, धाराशिव जिल्ह्यात आहे, तुम्हाला लांब नाही. तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातले मणी आहेत, काचेचेही आहेत. आपल्या भागात काच आणि दागिना ही जोडी दोन हजार वर्षं जुनी आहे, सरांना सांगायला उपयोगी पडेल.

काळी_माती

मी आधी टोकलं होतं म्हणून परत लिहितो. आजींनी हो म्हटलं, माझं समाधान झालं. फक्त एक विचारतो, त्या रिकाम्या खड्ड्याचं काय ठरलं? आजींना ते आवडलं नव्हतं असं मला तुझ्या लिहिण्यातून वाटलं.

भट्टीजवळची

बरोबर ओळखलंत. मला तो प्रश्न झोपू देत नव्हता. कल्पना माझी होती आणि मला ती आवडत होती, पण जिचे दागिने तिला ती नको होती.

मागच्या आठवड्यात परत गेले. यावेळी मिन्याच्या पुड्या बरोबर नेल्या, शिसं नसलेल्या, आणि तिला म्हटलं तूच सांग कुठं भरू. तर तिनं तोडे पुढं ओढले, चिमटीत पूड घेतली आणि रांगोळी टाकतात तशी टाकायला लागली, अंगठा आणि बोटाच्या मधून, सरळ खड्ड्यात. मी श्वास धरून बसले होते. मातकट तपकिरी रंग निवडला तिनं, बाकीच्यांकडं बघितलंही नाही. दोन्ही तोडे भरले. तांब्याची सरीपण भरली, पिवळ्यानं, ती आत्याच्या लग्नात गेली म्हणून. मग बुगड्या, त्यांना मातकटच. मी म्हटलं त्या तर विकल्या ना, तर म्हणाली बोअर मारली ना, जमिनीतच गेल्या.

गोठ तिनं बाजूला सरकवले. म्हटलं हे? तर म्हणाली, "तोडे आपल्या मातीत हायत. सरी लेकीच्या घरी गेली. गोठ दुसऱ्याच्या घरात हायत. ते राहू दे तसंच."

मग गोठ रिकामे आहेत, तळ काळा. बाकी भरलेत. पाचवा दागिना म्हणजे मनगटाच्या वर घालायचा एक रुंद पट्टा, त्याला मी नाव अजून दिलं नाही, फ्लक्सखालचं गोंदण, तुळस आणि ठिपके. भावाचं नाव घातलं नाही, ते तिच्याच हातावर राहू दे.

काल तोडे भाजले. कडेचे रंग आधी कडक आचेवर भाजून घेतले होते, जयपूरचे कारागीरही ज्याला आच जास्त लागते तो आधी, लाल सगळ्यात शेवटी असं करतात, ते उपयोगी पडलं. आजीची पूड शेवटी भाजली. उजव्या तोड्यावर छान आलंय. डाव्यावर तिनं चिमूट जरा जड टाकली होती, तिथं वाळूच्या दाण्याएवढा एक बुडबुडा आलाय, फुटून खळगा पडलाय. जुरी (परीक्षकांपुढं काम मांडायचं) गुरुवारी आहे. काका, घासू का तसंच ठेवू?

जुना_सराफा

उघडा खळगा ठेवू नको, घाम-पाणी शिरून तिथून काच सुटत जाईल. हिऱ्याच्या कानशीनं पाण्याखाली हळू घास, कड गुळगुळीत कर, डिस्टिल्डनं धू, पूर्ण वाळू दे, मग परत पूड भरून एकच भाजणं दे, आच आधीपेक्षा थोडी कमी. आणि गुरुवारला अजून पाच दिवस आहेत. औश्याला जाऊन यायला एक दिवस लागतो. पूड आजीकडूनच टाकून आण.

भट्टीजवळची

उद्या सकाळच्या एसटीनं जातेय काका. कानस कुठली घेऊ, नंबर सांगा.

जुना_सराफा

नंबर राहू दे, सराफ्यात सगळ्यात बारीक दाण्याची माग. अर्धगोल घे, खळग्यात बसते.